उद्याचं आज सांगा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघालं की लातूरच्या मार्केट यार्डात पहाटेपासून गाड्या लागतात. मी तिथं एका आडतीवर पट्ट्या करतो. कुणाचे किती कट्टे आले, वजन किती भरलं, सौद्यात भाव काय निघाला, हमाली-तोलाई वजा जाऊन शेतकऱ्याच्या हातात किती पडले, ते लिहायचं. सहा हंगाम झाले, आणि मालक माझ्या पट्ट्या आता तपासत नाहीत. त्याआधी छत्रपती संभाजीनगरला एका खासगी कार्यालयात हिशेबाचंच काम करायचो. तिथं अकरा महिन्यांत मी पार मोडून पडलो.

मी स्वमग्न आहे, म्हणजे मला ऑटिझम आहे. हे मला एकोणतिसाव्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरांकडून कळलं. तोवर मी घरात एककल्ली, शाळेत घुम्या आणि त्या कार्यालयात "जरा शिष्टच" होतो.

लातूरच्या लोकांना सांगतो, गंजगोलाईच्या मधोमध उभं राहून बघा. सोळा रस्त्यांचा आवाज एकदम अंगावर येतो. तुमचं डोकं त्यातला नको तो आवाज आपोआप बाजूला सारतं, माझं सारत नाही. त्या कार्यालयात माझ्या डोक्यावरच्या ट्यूबचा चोक दिवसभर गुणगुणायचा. शेजारचे दोघं फोन स्पीकरवर टाकून बोलायचे. त्यात साहेब जाता जाता म्हणायचे, "अरे, ते जरा बघून घे." ते म्हणजे कोणतं, आणि जरा म्हणजे किती वेळ? आज की उद्या? विचारलं की "एवढंही कळत नाही?" म्हणून विचारायचं सोडलं. मग अर्धा अर्धा तास तेवढ्याच एका वाक्याचा अर्थ लावत बसायचो. "डोळ्याला डोळा देऊन बोल" हे तर रोजचंच. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की माझे शब्दच जातात. खाली कागदाकडं बघितलं तर सगळं नीट ऐकू येतं. खोलीवर आल्यावर दिवा न लावता भिंतीला टेकून बसायचो, जेवण जायचं नाही. एका सकाळी गेलो तर माझं टेबल न सांगता दुसरीकडं हलवलेलं होतं. मी जिन्यात जाऊन बसलो. तोंडातून शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी गेलोच नाही.

आडतीवर लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात, सौद्याच्या गलक्यात, मालकांनी मला कानावर हात ठेवलेलं बघितलं. त्यांनी सरळ विचारलं, "आवाजाचा तरास होऊलालाय का रं?" इतकी वर्षं हे मला कुणी विचारलंच नव्हतं. दुपारपर्यंत माझं टेबल आत, कट्ट्यांच्या थप्पीमागं गेलं. भरलेले कट्टे आवाज गिळतात. तिथं बाहेरचा सौदा लांबून आल्यासारखा येतो, आणि बारदान्याचा वास मला आवडतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. दुकान बंद करताना मालक जुन्या पट्टीच्या कोऱ्या पाठीवर उद्याचं लिहून ठेवतात. एक चिठ्ठी माझ्याकडं अजून आहे: "सकाळी औशाच्या दोन गाड्या. बँकेत मी जातो, तू जायचं नाही. चार वाजता पाव्हणे, पाचजण, अर्धा तास. तू बाहेर आला नाहीस तरी चालंल." पाव्हणे किती आणि किती वेळ, हे ज्या माणसाला लिहावंसं वाटलं, त्याला ऑटिझम हा शब्द तेव्हा माहीतही नव्हता.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, वाचन-लेखनातल्या अडचणीही आहेत. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणातला १ टक्का आमच्यासारख्या गटांसाठी आहे, आणि कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनांनी कर्मचाऱ्याला वाजवी सोयी द्यायच्या आहेत. हे मिळायलाच हवं, आणि ज्यांना मिळू शकतं त्यांनी मागावं. पण अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. कितीतरी जणांचं निदानच होत नाही. आमच्या आडतीवरचा एक मापाडी दहा मिनिटं एका जागी बसू शकत नाही. त्याला काय आहे ते मी ठरवणार नाही, पण त्याला फिरतं काम दिल्यापासून त्याची बोलणी खायची पाळी गेली. त्यासाठी कुणी त्याच्याकडं प्रमाणपत्र मागितलं नाही.

मागच्या वर्षी भाव पडला त्या दिवशी दुकानात भांडणं जुंपली, माणसं थप्पीमागं घुसली आणि मी पुन्हा गोठलो. अशा वेळी लोक पाणी पाजतात, खांदे हलवतात, "काय झालं, काय झालं" करतात. तळमळीनंच करतात, पण त्यानं आणखी घुसमटायला होतं. आमच्या एका हमाल मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्याकडं पाठ करून वाटेत उभे राहिले आणि वीस मिनिटं कुणाला आत येऊ दिलं नाही. नंतर विचारलं फक्त, "च्या आणू का?"

घरच्यांना हे समजायला जास्त दिवस लागले. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, आमच्या शेतात चाळीस-पन्नास माणसं जमतात. भज्जी, आंबील, उंडे सगळं मला आवडतं, पण पंगतीत दोन्हीकडून कोपर लागतं आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी म्हणतं, "कामून गप बसलास रं?" दोन वर्षं मी गेलोच नाही. आई रडली. शेवटी मी तिला मालकांसारखंच एका कागदावर लिहून दिलं: मी येतो, कडब्याच्या कोपीची पूजा होईपर्यंत थांबतो, जेवण आंब्याखाली एकट्यानं करतो, कुणी बोलवायला येऊ नका, मी रुसलेला नाही.

तिनं तो कागद मोठ्या काकूला वाचून दाखवला. यंदा मी शेतात पोचलो तेव्हा आंब्याखाली घोंगडी आधीच टाकलेली होती, आणि आंबिलीचं छोटं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळून बुंध्याला टेकवून ठेवलेलं होतं.