म्हणजे काय, आणि आहे का

फिनिक्स, राखेतून पुन्हा जन्मणारा तो दंतकथेतला पक्षी, सकाळपासून डोक्यातून जात नाही.

फिनिक्स म्हणजे काय हे सांगता येतं, तो आहे की नाही हे ठाऊक नसलं तरी. म्हणजे वस्तूचं सार वेगळं, असणं वेगळं. तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस, त्याच्या ‘दे एन्ते एत एस्सेन्तिया’ या छोट्या लॅटिन ग्रंथामधल्या चौथ्या प्रकरणातला हा मुद्दा मी सिद्धता म्हणूनच घोकला. थॉमसचे अभ्यासक, कॅथलिक धर्मगुरू मॉन्सिन्योर विपेल म्हणतात, एवढ्यानं फक्त दोन कल्पना वेगळ्या ठरतात. खरी सिद्धता पुढच्या पायरीवर: सार आणि असणं एकच आहे, अशी वस्तू असलीच तर एकच असणार. एकाचे अनेक व्हायचे तर काही भेद जोडावा लागतो, नाहीतर रूप वेगवेगळ्या द्रव्यांत उतरावं लागतं, नाहीतर एक निखळ आणि दुसरं कशात तरी सामावलेलं. निव्वळ असण्यात यातलं काही केलं की ते निव्वळ राहत नाही. तेव्हा बाकी सगळ्यांत दोन्ही वेगळी. आधी ईश्वर सिद्ध करायची गरज नाही. ती गरज मानणाऱ्या फादर ओवेन्स या दुसऱ्या अभ्यासकाशी विपेलांचं इथेच पटलं नाही.

इतकी वर्षं चुकीच्या पायरीवर. कुणाला सांगायचं, आणि कशाला?

मराठीवर मात्र भिस्त होती. ‘फिनिक्स म्हणजे काय?’ यात ‘आहे’ लागतच नाही. पण थॉमसनंतरचा पॅरिसमधला अध्यापक गॉडफ्रे ऑफ फोंतेन हेही हाणून पाडतो: धाव, धावणं, धावणारा यांत फरक बोलण्याच्या रीतीचा, वस्तूत काही नाही. सार आणि असणं तसंच. म्हणजे माझा पुरावा व्याकरणाचा!

आणि विपेल (१९३३–२०२३) थॉमसच्या बाजूचे, तरी लूव्हेनच्या प्रबंधापासून १९८१च्या ग्रंथापर्यंत या ‘नाही’ म्हणणाऱ्यालाच घेऊन बसले. विपेल आणि गॉडफ्रे दोघंही कुठल्याच संन्यासी धर्मसंघातले नव्हेत, धर्मप्रांताचे पाळक. याच गॉडफ्रेनं विद्यार्थिदशेतल्या वहीत थॉमसचं लेखन उतरवून घेतलं होतं. १२७७ साली पॅरिसच्या बिशपनं २१९ विधानं निषिद्ध ठरवली, त्यावर पुढे आक्षेप घेताना थॉमसची बाजूही मांडली. गॉडफ्रेचं म्हणणं खोडायचं तर आधी ते नीट मांडावं लागतं, हे विपेलांना जमलं. मला फिनिक्सही नीट मांडता आला नाही.

असो. फोन करायचा होता, राहिला.

समासात ‘सिद्धता’ लिहिलं होतं, ते खोडून ‘पायरी १’ केलं. शाई फुटली.