आरसा गेला आणि भाता लहान झाला

मिररलेसमुळे, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे, व्ह्यू कॅमेऱ्याचा, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये घडीचा भाता असलेल्या कॅमेऱ्याचा, बाजार बुडाला, असे छायाचित्रकारांच्या गप्पांत सर्रास ऐकू येते. कोल्हापुरात राहून कारखान्यांच्या मालाची आणि दागिन्यांची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय करताना मला जे दिसते, त्यावरून हे म्हणणे अर्धेच खरे आहे. चार बाय पाच इंचांच्या फिल्मवर चालणारा स्टुडिओतला अवजड मोनोरेल, म्हणजे एका दांडीवर चौकटी सरकवायचा व्ह्यू कॅमेरा, मिररलेस येण्याच्या आधीच, आरसा असलेल्या डिजिटल एसएलआरच्या काळात, कोपऱ्यात गेला होता. मिररलेसने केले ते वेगळेच: त्या कॅमेऱ्याची मागची बाजू, म्हणजे फिल्मची जागा, स्वतःकडे घेतली आणि पुढची बाजू, म्हणजे भाता व सरकणारी चौकट, लहान आकारात पुन्हा विकण्याजोगी केली.

याचे कारण निव्वळ यांत्रिक आहे. एसएलआरमध्ये माउंट, म्हणजे लेन्स बसवण्याचे कडे, आणि सेन्सर यांच्यामध्ये आरशाला जागा ठेवावी लागते. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर 44 मिलिमीटर, तर निकॉनच्या एफ माउंटमध्ये 46.5 मिलिमीटर आहे. त्यात मिटलेल्या भात्याची आणि दोन चौकटींची जाडी मिळवली, की लेन्स इतकी पुढे जाते की कमी फोकल लांबीच्या, म्हणजे रुंद कोनाच्या, लेन्समधून दूरच्या वस्तूवर फोकस जमतच नाही. मिररलेसमध्ये आरसा नसल्यामुळे सोनी ई माउंटमध्ये हेच अंतर 18, निकॉन झेडमध्ये 16 आणि कॅनन आरएफमध्ये 20 मिलिमीटर आहे. या वाचलेल्या पंचवीस-तीस मिलिमीटरांवर नवा बाजार उभा राहिला. 2013 साली सोनीचा पूर्ण फ्रेमचा ए7 आला, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडची सिनार ही व्ह्यू कॅमेऱ्यांची नामवंत कंपनी लायकाच्या ताब्यात गेली. पुढच्या वर्षी हॉलंडच्या कॅम्बोने ॲक्टस आणला, ज्याच्या मागे फिल्म होल्डरऐवजी मिररलेस बॉडीच बसते. 2017 मध्ये फुजीफिल्मने जीएफएक्स 50एस हा मोठ्या सेन्सरचा मिररलेस बाजारात आणला, तेव्हा तो जुन्या चार बाय पाचच्या मागे फिल्मच्या जागी बसवण्याचा ॲडॅप्टरही दिला.

मला स्वतःला या छोट्या भात्याची गरज टेबलावरच्या कामात पडते. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांची जोडी टेबलावर लांबवर मांडली, तर जवळच्या घुंगरापासून पलीकडच्या फासापर्यंत सगळे स्पष्ट येण्यासाठी लेन्सचे छिद्र कितीही लहान केले तरी भागत नाही. शिवाय 61 मेगापिक्सेलच्या सेन्सरवर छिद्र एफ 11 पेक्षा लहान करू लागले, की विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तपशील बोथट होऊ लागतो. लेन्सची चौकट किंचित पुढे कलवली, की लेन्सचे प्रतल, सेन्सरचे प्रतल आणि स्पष्टतेचे प्रतल एकाच रेषेत मिळतात आणि पैंजण एकाच छायाचित्रात या टोकापासून त्या टोकापर्यंत स्पष्ट येते. ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर शाइम्फ्लुग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई छायाचित्रांच्या निमित्ताने मांडलेला हा नियम आजही तसाच चालतो. फोकस स्टॅकिंगने, म्हणजे वेगवेगळ्या फोकसची छायाचित्रे संगणकावर एकत्र करून, हे काम होते, हे मला मान्य आहे. पण एकावर एक आलेल्या कड्यांच्या कडांना संगणक जी पांढरट झालर लावतो, ती पुसण्यात संध्याकाळ जाते आणि त्याचे पैसे कोणी देत नाही.

इमारतींच्या छायाचित्रणात मात्र व्ह्यू कॅमेऱ्याची बाजू लंगडी पडत चालली आहे. न्यू पॅलेसचा मनोरा सरळ उभा दाखवायचा असेल, तर लेन्स वर सरकवणे हा उत्तम मार्ग खराच. पण हल्लीच्या सेन्सरवर इतके पिक्सेल असतात, की संगणकावर कडा ओढून मनोरा सरळ केला तरी पुस्तकाच्या पानापुरते काही बिघडत नाही. ज्यांना ते चालत नाही ते टिल्ट-शिफ्ट, म्हणजे स्वतःच कलणारी व सरकणारी, लेन्स घेतात. फुजीफिल्मने 2023 मध्ये जीएफएक्ससाठी अशा दोन लेन्स काढल्या, त्यातली एक 30 मिलिमीटरची आहे. शिडी आणि तिपाई सांभाळत उन्हात उभ्या असलेल्या माणसाला भात्याचा मोह पडेल, असे मला वाटत नाही.

जुना सिनार स्वस्तात मिळाला म्हणून त्याच्या मागे मिररलेस बॉडी लावणाऱ्यांना एक गोष्ट उशिरा कळते. चार बाय पाचच्या फिल्मचे क्षेत्रफळ 24 बाय 36 मिलिमीटरच्या सेन्सरच्या तेरा ते पंधरा पट असते, त्यामुळे त्या कॅमेऱ्याच्या चौकटीतला जो सैलपणा फिल्मवर दिसत नसे, तो सेन्सरवर ठळक दिसतो. म्हणूनच नव्या लहान कॅमेऱ्यांत दातेरी पट्टीवर चालणारी सूक्ष्म हालचाल असते आणि किंमतही तिचीच असते. शिवाय मोठ्या फिल्मवर रुंद कोन देणारी 90 मिलिमीटरची लेन्स लहान सेन्सरवर जवळपास टेली, म्हणजे अरुंद कोनाची, होऊन बसते.

मिररलेसच्या स्वतःच्या लेन्स भात्यावर निरुपयोगी असतात, कारण त्यांना माउंटजवळच बसावे लागते आणि बहुतेकांचे फोकस व छिद्र बॉडीच्या विजेवर चालते. त्यामुळे मागणी वळली आहे ती बंद पडलेल्या डार्करूममधल्या एन्लार्जरच्या, म्हणजे फिल्मवरून मोठे छायाचित्र छापण्याच्या यंत्राच्या, लेन्सकडे. रोडागॉन, कॉम्पोनॉन, एल-निक्कोर या अशा लेन्समध्ये शटर नसते. पण शटर बॉडीतच असल्यामुळे ते अडत नाही. बाबूराव पेंटरांनी जिथे चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि जिथे खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ उभा आहे, त्या गावात लेन्स बसवण्याची पट्टी करून घेणे अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याला माप नीट दिले, की ॲल्युमिनियमची पट्टी आटे पाडून मिळते. आतून ती काळी आणि चमकरहित मात्र करून घ्यावी, नाहीतर चांदीवर पडलेला प्रकाश तिच्यावरून उलटून सेन्सरवर येतो आणि काळे भाग करडे होतात.

फिल्मवर काम करणाऱ्यांचा बाजार निराळा आहे. इंग्लंडच्या इंट्रेपिडसारख्या छोट्या कंपन्या लाकडी, हलके चार बाय पाच बनवतात आणि ते घेणाऱ्यांना मिररलेस परवडत नाही म्हणून ते तिकडे वळतात असे नाही. त्यांना घासलेल्या काचेवरची उलटी प्रतिमाच हवी असते. तोटा झाला तो या दोन बाजारांच्या मधल्या मालाचा: जड मोनोरेल, त्यांचे यांत्रिक शटर आणि एसएलआर बॉडी मागे लावण्यासाठी केलेले भाते. स्टुडिओ बंद करणाऱ्या कोणी असा संच विकायला आणला, तर मी आधी लेन्स पाहतो आणि बाकीच्या लोखंडाचा भाव नंतर बोलतो.