तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तक न उघडता टॅरोचा पत्ता कसा वाचायचा?

टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते. खानापुरात, बेळगावात, कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेले तरी हा प्रश्न येतोच. तुम्ही पुस्तक न बघता कसं सांगता हो, अंगात येतं का? नाही येत. मी बघते, एवढंच, पण हे बघायला शिकण्यात माझी तीन वर्षं गेली.

सुरुवातीला मी ७८ पत्त्यांचे अर्थ चक्क पाठ केले होते, २२ मेजर म्हणजे मोठे आणि ५६ मायनर म्हणजे छोटे, परीक्षेला बसल्यासारखे. समोर कुणी बसलं की ते पाठांतर धडाधड बाहेर यायचं. एकदा निपाणीकडची एक बाई आली, तिला सहा तलवारींचा पत्ता आला, मी लगेच म्हटलं, आता चांगला काळ येतोय, वाईट मागं पडतंय. ती रडायलाच लागली. घरी जाऊन नीट बघितलं तेव्हा कळलं, नावेत पाठमोरी बाई आहे, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी, शेजारी लहान मूल, आणि सगळ्या तलवारी नावेतच उभ्या आहेत, सोबत चालल्यात. मागं कुठं काय पडलंय? ती मुलाला घेऊन माहेरी आली होती आणि मी चित्र न बघताच बोलले होते. ते अजून मनाला लागतं.

खरं शिकवलं ते आमच्या शेजारच्या आज्जीनं. तिला मराठी वाचता येत नाही, कन्नडही नाही, बस कुठली ते कंडक्टर ओरडतो त्यावरनं कळतं. एका दुपारी माझ्या हातातला दहा काठ्यांचा पत्ता घेतला आणि बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "मोळी अशी उचलतात व्हय गं? दोरी कुठं हाय? पोटाशी कवटाळलीय, तोंड आत घुसलंय, म्होरं गाव आलंय ते दिसंना की त्याला." तिचं आयुष्य जंगलातनं फाटी आणण्यात गेलंय, तिला ते दिसणारच. पुस्तकात या पत्त्याला ओझं, जबाबदारी एवढंच लिहिलंय आणि मीही तेवढंच सांगायचे. आता हा पत्ता आला की मी ओझं कमी करा म्हणत नाही, विचारते, तुम्ही हे बांधलंय कसं, आणि माणसं बोलायला लागतात.

म्हणून पत्ते कुठले घ्यायचे याचं माझं उत्तर ठरलेलं आहे, १९०९ साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट नावाचा संच. कल्पना आर्थर वेट यांची पण चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची, आणि मला विचाराल तर सगळा जीव त्या चित्रांतच आहे. फ्रान्समधल्या जुन्या मार्सेय पद्धतीच्या पत्त्यांत सहा तलवारी म्हणजे नुसत्या सहा तलवारी मांडलेल्या, आपल्या खेळायच्या पत्त्यातल्या छक्क्यासारख्या. या बाईंनी छोट्या पत्त्यांतसुद्धा माणसं घातली, नाव घातली, गाव घातलं. नाहीतर आज्जीला बघायला काय मिळालं असतं?

बाकी रीत साधी आहे, रोज सकाळी एकच पत्ता काढायचा आणि काय दिसतंय ते मोठ्यानं बोलायचं, अर्थ नाही हं, फक्त दिसतंय ते, कोण कुठं बघतोय, हातात काय आहे, पाणी शांत आहे का. वहीत दोन ओळी लिहायच्या. पुस्तक रात्री, आधी अजिबात नाही. आजारपण आणि कोर्टाच्या तारखा मी पत्त्यांना विचारत नाही, त्याला डॉक्टर आणि वकील आहेत.

आज मला आठ कपांचा पत्ता आलाय. रात्र आहे, लाल कपड्यातला माणूस काठी टेकत डोंगराकडे चाललाय. कप खाली पाच, वर तीन, नीट रचून ठेवलेत, आणि वरच्या रांगेत मधे एकाची जागा मोकळी आहे. वहीत तेवढंच लिहिलंय.