तुम्ही विचारलंत म्हणून: गव्हर्नरच्या निवडणुकीत मी एवढी का गुंतते

"अगं, राज्यपालाच्या निवडणुकीचं एवढं काय?" नाशिकला गेले की हा प्रश्न ठरलेला. मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात, आणि आता इथे सिएटलच्या बाजूला नव्याने आलेली मराठी मुलंही विचारतात, ताई प्रेसिडेंटचं समजतं पण गव्हर्नरसाठी रात्री जागायचं म्हणजे काय. दरवेळी चहा संपेपर्यंत अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी तो 'राज्यपाल' शब्द बाजूला ठेवूया, सगळा घोळ तिथेच होतो. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मुख्यमंत्री बघतात. आपल्या घटनेच्या मसुद्यात राज्यपाल निवडून देण्याचाही पर्याय होता, पण 1949 मध्ये घटना समितीने तो काढला, कारण दोघंही लोकांनी निवडलेले असले तर त्यांच्यात जुंपणार ही भीती होती. इथे मुख्यमंत्री हे पदच नाही. गव्हर्नर हाच राज्याचा कारभारी, चार वर्षांसाठी थेट लोकांनी निवडलेला, शाळांपासून रस्त्यांपर्यंत सगळ्यात त्याचा हात.

आता 2004. मी वॉशिंग्टन राज्यात (राजधानीचं शहर नाही हं, हे वर कोपऱ्यातलं राज्य) येऊन वर्षच झालं होतं, डिपेंडंट व्हिसा, काम करायची परवानगी नाही, बाहेर नोव्हेंबरचा पाऊस, दिवसभर घरात टीव्ही. मतदान 2 नोव्हेंबरला झालं. डेमोक्रॅट क्रिस्टीन ग्रेग्वार तेव्हा राज्याच्या अॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारच्या मुख्य वकील होत्या आणि समोर रिपब्लिकन डिनो रॉसी. 28 लाखांवर मतं पडली, आणि पहिली मोजणी संपली तेव्हा रॉसी फक्त 261 मतांनी पुढे. फरक 2000 च्या आत असला तर मशीनने परत मोजायचं असा कायदा होता, तसं मोजलं तर 42 वर आला! 30 नोव्हेंबरला रॉसी जिंकले असं अधिकृत जाहीरही झालं.

मी रोज रात्री बाबांना फोन करून आकडे सांगायचे. बाबा शाळेत शिक्षक, कितीतरी निवडणुकांत मतमोजणीची ड्युटी केलेले, शिक्क्यांच्या मतपत्रिकांचे गठ्ठे बांधलेले, त्यामुळे त्यांना कोण जिंकतंय यापेक्षा मोजतायत कसं यातच इंटरेस्ट. त्यांचा एकच प्रश्न, "हाताने मोजणार का?"

मोजणार होते, पण त्याचे पैसे मागणाऱ्या पक्षाने आधी भरायचे, निकाल उलटला तरच परत. डेमोक्रॅटिक पक्षाने सुमारे 7 लाख 30 हजार डॉलर भरले आणि 39 काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एकेक मतपत्रिका हाताने मोजणं सुरू झालं.

मला जे कायमचं लागलं ते डिसेंबरमधलं. सिएटल ज्या किंग काउंटीत येतं तिथल्या काउन्सिलचे चेअरमन लॅरी फिलिप्स नाकारलेल्या मतांची यादी चाळत होते, त्यात त्यांना स्वतःचंच नाव दिसलं. मत पाठवलेलं, पाकिटावर सही केलेली, तरी मोजलेलं नाही. शोधलं तर कळलं की त्यांची सही कॉम्प्युटरमध्ये स्कॅनच झाली नव्हती. अशा वेळी कागदी फाइलमधली सही काढून बघायची असते, ती कोणी बघितली नाही आणि मत सरळ नाकारलं. असे एक-दोन नाही, शेकडो लोक निघाले. ती मतं घ्यायची की नाही यावर कोर्टबाजी झाली आणि 22 डिसेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने घ्या म्हणून सांगितलं. शेवटचा फरक 129, आणि जिंकल्या ग्रेग्वार. त्या निकालावर सही केली सॅम रीड यांनी, ते निवडणुका बघणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट आणि स्वतः रिपब्लिकन. आपल्या पक्षाचा माणूस हरतोय हे दिसत असताना त्यांनी ती सही केली, याबद्दल मला आजही त्यांचा फार आदर वाटतो.

पुढे याच राज्यातल्या वेनाची गावच्या कोर्टात खटला चालला. हजाराच्या वर बेकायदा मतं सापडली, मतदानाचा हक्क गेलेल्या गुन्हेगारांची वगैरे, पण ती कुणाला पडली याचा पुरावा नाही म्हणून जून 2005 मध्ये न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी रॉसींच्या बाजूचा दावा फेटाळला. चार गुन्हेगारांनी आम्ही रॉसींना मत दिलं असं सांगितलं होतं, ती चार वजा होऊन फरक झाला 133. रॉसींनी पुढे अपील केलं नाही. त्यांना मानणाऱ्या लोकांना हे सगळं किती लागलं असेल ते मला कळतं, 42 ने जिंकलेला माणूस महिन्याभरात हरतो ही साधी गोष्ट नाही, आणि झालेल्या चुका खऱ्याच होत्या.

मला तेव्हा मत नव्हतं. सिटिझन झाल्यावर गव्हर्नरसाठी पहिलं मत 2016 ला दिलं, एव्हाना इथे सगळं मतदान पोस्टाने, म्हणजे सगळं त्या पाकिटावरच्या सहीवर. मी सही मराठीत करते, लायसन्सवर पण तीच. एका वर्षी घाईत इंग्रजीत केली आणि आठ दिवसांनी घरी पत्र, तुमची सही जुळत नाही, मुदतीच्या आत दुरुस्त करा. हात कापत होते खरं सांगते, डोळ्यासमोर ते फिलिप्सच आले. फॉर्मवर मराठीत सही करून त्याच दिवशी स्वतः जाऊन देऊन आले. म्हणून नवीन मुलांना मी कोणाला मत द्या ते कधी सांगत नाही, सही कशी केलीत ते मात्र विचारते.

2024 च्या जूनमध्ये मुंबई उत्तर पश्चिमला रवींद्र वायकर 48 मतांनी निवडून आले तेव्हा बाबांनी आपणहून फोन केला, "तुझ्या त्या 42 ची आठवण झाली गं." त्याच नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे परत गव्हर्नरची निवडणूक होती. पाकीट पेटीत टाकलं, मत स्वीकारलं गेलं असं वेबसाइटवर दिसलं तसा त्यांना स्क्रीनशॉट पाठवला. नाशकात पहाट असेल, तरी लगेच उत्तर आलं, "सही मराठीत केलीस ना?"