बेस्ट प्लेअर म्हणजे पिचरच का?

अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज सॉफ्टबॉलची फायनल ओक्लाहोमा सिटीत होते आणि शेवटी 'मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर' निवडतात, हे बऱ्याच वेळा पिचरकडेच (म्हणजे बॉल टाकणारीकडेच) जातं आणि मला ते जरा खटकतंच, पण मग 2007 ची टॅरिन मोवॅट आठवते आणि गप्प बसावं लागतं. अ‍ॅरिझोनाची ही मुलगी त्या स्पर्धेत आपल्या टीमच्या सगळ्याच्या सगळ्या 60 इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही टीमची बॅटिंगची एकेक पाळी, एका मॅचमध्ये साधारण सात) एकटीने टाकत होती, हजाराच्या वर बॉल!! समोर टेनेसीची पिचर मोनिका अ‍ॅबट, तीन मॅचच्या फायनलमधली दुसरी मॅच दहाव्या इनिंगपर्यंत गेली आणि अ‍ॅरिझोनाने ती 1-0 ने काढली, पुढची 5-0. हिला नाही तर कुणाला देणार?

2019 ची यूसीएलएची (कॅलिफोर्नियातलं विद्यापीठ) पिचर रेचल गार्सिया तर कहरच. वॉशिंग्टनविरुद्ध दहा इनिंग, 16 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद), 179 बॉल टाकून झाल्यावर हात गळून पडायला हवा ना, तर ही बाई स्वतःच बॅट घेऊन उभी राहिली आणि तीन रनचा होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखा मैदानाबाहेरचा फटका) ठोकून मॅचच संपवली. 3-0. यूसीएलएने पुढे किताबही घेतला.

बॅटिंगवाल्यांचं पण नशीब उघडतं बरं का, 2022 ला ओक्लाहोमाची जोसलिन अ‍ॅलो, कॉलेज करिअरमध्ये 122 होमरन! फील्डिंगवर मात्र कुणी हे बक्षीस देताना दिसत नाही, शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधली फील्डर) कितीही लोळण घेऊ दे.