विनाकारण रीबूट होणारा सर्व्हर, नोंद तिसरी

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे हा सर्व्हर आठवड्यातून तीन-चारदा मंदावतो आणि दोन-तीनदा कोणतीही पूर्वसूचना न देता रीबूट होतो. हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत असे मी तेव्हा धरून चाललो होतो. मंदपणाचे खापर मी मेमरीच्या टंचाईवर फोडले आणि रीबूटचे तापमानावर. दोन्ही तर्क चुकीचे निघाले. मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) रात्रभर चालवूनही एक त्रुटी आली नाही, पूर्ण भार दिल्यावरही प्रोसेसर ७१ अंश सेल्सियसच्या वर गेला नाही, आणि मेमरी संपल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रक्रिया मारतो तेव्हा लॉगमध्ये जी ठळक ओळ उमटते, ती कुठेच नव्हती.

रीबूटपूर्वीच्या बूटचे जर्नल, म्हणजे सिस्टमची नोंदवही, शेवटपर्यंत वाचले असता क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेच्या) एका साध्या नोंदीनंतर काहीच नव्हते. सेवा बंद होत असल्याची एकही ओळ नाही, म्हणजे हे रीतसर रीबूट नव्हते. कर्नल पॅनिक (कर्नलला न सावरता येणारी चूक) झाला असता तर मूळ सेटिंगनुसार लिनक्स जागच्या जागी गोठतो, आपण होऊन रीबूट होत नाही, आणि ते सेटिंग मी कधी बदललेले नाही. हार्डवेअर वॉचडॉग (सिस्टम गोठली की ती आपोआप रीबूट करणारा टायमर) मात्र चालू होता, म्हणून शंका नको यासाठी तोही बंद केला. तरीही रीबूट थांबले नाहीत.

मंदपणाचा एक प्रसंग सुदैवाने डोळ्यांसमोर घडला. टॉप या प्रोग्राममध्ये लोड (खोळंबलेल्या आणि चालू कामांचा आकडा) १४ च्या पुढे गेला होता, पण प्रोसेसर जवळजवळ रिकामा होता आणि बहुतेक वेळ आयओच्या (डिस्कवरील वाचन-लेखनाच्या) प्रतीक्षेत जात होता. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात, त्यामुळे एवढा मोठा आकडा पाहून प्रोसेसरवर संशय घेण्याचे कारण नव्हते. कर्नलच्या संदेशांत त्याच मिनिटाला दोन डिस्कांपुढे ‘हार्ड रिसेटिंग लिंक’, म्हणजे डिस्कशी तुटलेला संपर्क नव्याने जोडत आहे, असे आले होते. एखाद्या आज्ञेला डिस्कने उत्तर दिले नाही तर कर्नल मुळात ३० सेकंद थांबतो, आणि रेडमधील (अनेक डिस्कांच्या एकत्रित संचातील, म्हणजेच अ‍ॅरेतील) एक डिस्क अडली की तिच्यासाठी सगळा अ‍ॅरे खोळंबतो. मी लगोलग चारही डिस्कांच्या साटा (डेटा वाहणाऱ्या) केबल बदलल्या. काही उपयोग झाला नाही.

यानंतर जे सापडले ते मला पहिल्याच दिवशी पाहता आले असते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते त्या स्मार्टच्या तक्त्यात १२ क्रमांकावर पॉवर सायकलची मोजणी असते, म्हणजे डिस्कचा वीजपुरवठा किती वेळा जाऊन परत आला याचा आजवरचा हिशेब. नेहमीच्या रीबूटमध्ये डिस्कची वीज तुटत नाही, त्यामुळे हा आकडा सहसा हलत नाही. दोन आठवड्यांपूर्वी मी चारही डिस्कांचे तक्ते जपून ठेवले होते. ते आजच्या तक्त्यांशेजारी ठेवून पाहिले. या काळात रीबूट झाले होते ५. एसएमपीएसच्या (संगणकाच्या वीजपुरवठा यंत्राच्या) केबलवर थेट लावलेल्या दोन डिस्कांचा आकडा ५ ने वाढला होता, तर मोलेक्सच्या स्प्लिटरवरून (एका कनेक्टरची वीज दोघांत वाटणाऱ्या जोडणीवरून) वीज घेणाऱ्या दोघींचा १२ ने. मंदपणाचे नोंदवलेले प्रसंग होते ७.

हिशेब जुळला. म्हणजे रीबूटच्या वेळी वीज सगळ्यांचीच जात होती आणि मंदपणाच्या वेळी फक्त स्प्लिटरवरच्या दोघींची. स्प्लिटरच्या सैल पिनांमध्ये थोडे व्होल्टेज वाया जात असल्यामुळे पुरवठा जरासा खचला की त्या दोघी आधी कोलमडत, आणि जास्त खचला की पॉवर गुडचा (वीज ठीक असल्याचे मदरबोर्डला कळवणारा) संकेत तुटून मदरबोर्डच रीसेट होई. दुखणे एकच होते, त्याच्या पायऱ्या दोन होत्या.

स्प्लिटर काढला तेव्हा त्याच्या पिवळ्या (१२ व्होल्टच्या) तारेच्या पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेले दिसले. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचे हे स्वस्त स्प्लिटर आग लागण्यापर्यंत जातात हे मला माहीत होते आणि तरीही मी तो वापरला, हा शहाणपणा नव्हता. तो गेल्यावर मंदपणा थांबला, परंतु पुढच्या सहा दिवसांत दोन रीबूट झालेच. मग थेट केबलच्या रिकाम्या कनेक्टरवर मल्टिमीटर किमान मूल्याच्या मोडमध्ये लावला आणि अ‍ॅरेची तपासणी व प्रोसेसरवरचा भार एकदम सुरू केला. निष्क्रिय असताना १२.०८ व्होल्ट दिसत होते. भाराखाली किमान ११.२१ पर्यंत उतरले. एटीएक्स या संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकानुसार ५ टक्क्यांची मुभा धरली तरी ११.४ च्या खाली जाता कामा नये, आणि साधा मल्टिमीटर मिलिसेकंदांचे खड्डे पकडत नसल्याने खरी घसरण याहून खोल असणार. एसएमपीएस सात वर्षे अखंड चाललेला आहे, त्यामुळे आतील कपॅसिटर थकले असावेत असा माझा कयास आहे. तो उघडून पाहिलेला नाही आणि कोणी उघडूही नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतला मोठा कपॅसिटर भारित राहू शकतो.

मित्राकडून आणलेल्या एसएमपीएसवर तोच भार सहा तास दिला, किमान ११.९३ आले. आज सोळावा दिवस आहे. रीबूट नाही, लिंक रीसेट नाही, चारही मोजण्या जागच्या जागी आहेत.

मात्र एक काम उरले होते. चालू असताना वीज गेली की डिस्कच्या कॅशमधील न लिहिलेला डेटा जातो आणि कर्नलला तो लिहिला गेला असेच वाटत राहते. अ‍ॅरेच्या तपासणीत विसंगतीचा (डेटा आणि पॅरिटी, म्हणजे डिस्क गेल्यास डेटा परत मिळवण्यासाठी ठेवलेला जादा हिशेब, यांचा मेळ न बसण्याचा) आकडा २४ आला. येथे लगेच ‘रिपेअर’ चालवण्याचा मोह मी आवरला, कारण माझ्या अ‍ॅरेसारख्या रेड ६ मध्ये ती आज्ञा आहे तो डेटा बरोबर मानून पॅरिटी नव्याने मोजते, म्हणजे चूकच पक्की होण्याचा धोका. त्याऐवजी सगळ्या फायलींचे चेकसम (मजकुरावरून काढलेला ओळखआकडा) बॅकअपमधील यादीशी ताडून पाहिले. दोन फायली वेगळ्या निघाल्या, दोन्ही बॅकअपमधून परत आणल्या आणि त्यानंतरच रिपेअर चालवला. पुढच्या तपासणीत विसंगती शून्य आली. वॉचडॉग काल रात्री पुन्हा चालू केला आहे.