सकाळी रोवलेली काठी : आमची वाटचाल

आमचं ऑफिस म्हणजे घाटकोपरला घरातल्या पुढच्या खोलीतलं एक टेबल, आणि माळ्यावर दोर, हेल्मेट, फर्स्ट एडच्या दोन पेट्या. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईतून माणसं घेऊन धबधब्यांना जायचं, हाच मुख्य धंदा, बाकीचे आठ महिने किल्ले, कॅम्प, शाळांच्या सहली. ओळखीतले बरेच जण विचारतात की सुरवात कशी केली, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

2013 साली मी परळला एका ऑफिसात अकाउंट्सला होते. जुलैतल्या एका रविवारी ऑफिसमधले आम्ही सात जण दादरहून कर्जत लोकल पकडून भिवपुरी रोडला उतरलो आणि शेतांच्या बांधावरून चालत आषाण्याच्या धबधब्याला गेलो. भातलावणी चालू होती, समोर माथेरानचा डोंगर ढगात बुडालेला आणि त्याच्या अंगावरून जागोजागी पांढऱ्या रेघा उतरत होत्या. सोमवारी ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवले तर पुढच्या रविवारी वीस जण तयार. तेव्हा सगळं काँट्री पद्धतीने चालायचं, तिकीट-चहा-वडापाव जेवढा येईल तेवढा वाटून घ्यायचा. 2015 ला मी नोकरी सोडली, नवऱ्याची चालू होती म्हणून धीर झाला, आणि रीतसर फी घेऊन ट्रेक काढायला लागलो.

पहिल्या दोन सीझनला आम्ही फक्त आकडे बघत होतो हे मान्य करायला हवं. बस भरली की आनंद, दोन बस भरल्या की डबल आनंद. 2016 च्या जुलैत देवकुंडला चौसष्ट जण नेले. ज्यांनी देवकुंड बघितलंय त्यांना वाट माहीत असेल, भिऱ्याहून निघायचं, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने चालायचं, मग जंगल लागतं आणि मधे ओढे ओलांडावे लागतात. सकाळी नऊच्या सुमारास शेवटचा मोठा ओढा लागला तेव्हा पाणी गुडघ्याच्या खालीच होतं, पोरं हसत-खिदळत पार झाली. दुपारी दीडला परत आलो तर तोच ओढा कमरेच्या वर, रंग चहासारखा, आणि आमच्या डोक्यावर तर चक्क ऊन पडलेलं! एका मुलाने पाय टाकलासुद्धा, तेवढ्यात गावातले वाटाडे मामा धावले आणि त्याची सॅक धरून त्याला मागे ओढला.

मामांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, सकाळी पाणी कुठवर होतं, सांगा पाहू?" मला सांगता येईना. मी फोटो काढत होते. त्यांनी बोटाने दाखवलं, येताना पाण्याच्या कडेला त्यांनी एक काठी रोवली होती, तिचं फक्त टोक वर दिसत होतं. म्हणाले, काठी अर्धी उघडी पडेपर्यंत कोणी हलायचं नाही. साडेतीन तास आम्ही चौसष्ट जण भिजलेल्या अंगाने त्या काठीकडे बघत बसलो. फोनला रेंज नाही, घरच्यांना कळवायची सोय नाही. अंधार पडायच्या जरा आधी मामांनी आणि गावातल्या तिघांनी दोर लावून एकेकाला पार केलं. सगळे सुखरूप घरी पोचले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आजही त्या मुलाचा चेहरा आठवला की पोटात गोळा येतो.

नंतर मी मामांच्या घरी दोन दिवस जाऊन राहिले, पाणी समजून घ्यायला. आपल्या सह्याद्रीचा कातळ काळा, बसाल्टचा, वर मातीचा थर पातळ, त्यामुळे एकदा जमीन भिजली की वरच्या पठारावर पडलेला पाऊस मुरत नाही, घळीघळीतून थेट खाली येतो. खाली ऊन असलं तरी वर ढग फुटलेला असू शकतो. पाणी वाढायच्या आधी खुणा दिसतात, पाणी गढूळ होतं, पाला आणि काटक्या वाहत यायला लागतात, आवाज जड होतो. बहुतेकांना धबधब्याची धार तेवढी भीतीदायक वाटते पण परतीच्या वाटेवरचा ओढा कोणाच्या लक्षातच नसतो. आणि दुसरा धोका डोहाचा. जिथे धार पडते तिथलं पांढरं फेसाळ पाणी निम्मं हवाच असते, त्यात चांगला पोहणाराही नीट तरंगत नाही, शिवाय आतला भोवरा माणसाला परत धारेखाली ओढतो. वरून दगड येतात ते वेगळेच. म्हणून आमच्याबरोबर डोहात कोणीच उतरत नाही, पोहायला येवो न येवो. यावरून पुष्कळ जण नाराज होतात, होऊ देत.

2017 पासून बॅच सोळा जणांची केली. दोन लीडर, एक गावातला वाटाड्या, आणि ओढा दिसला की सगळ्यात आधी काठी रोवायची, वेळ वहीत लिहायची. दुपारी बारा ही परत फिरायची वेळ, धबधबा दहा मिनिटांवर राहिला असेल तरी मागे वळायचं. फी जवळपास दुप्पट झाली, जुनी माणसं तुटली, त्या वर्षी मी पीएफ काढून लीडरचे पैसे दिले. नवरा एकदाही म्हणाला नाही की पुन्हा नोकरी धर, हे इथे लिहून ठेवते.

2020 चा अख्खा सीझन लॉकडाऊनमध्ये गेला. गावात मामांची, भाकऱ्या करणाऱ्या मावशींची कमाई आमच्यावरच होती, म्हणून कर्जत भागातून शेवळं, टाकळा, फोडशी, भारंगी अशा रानभाज्या आणि तांदूळ टेम्पोने मागवून आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये विकले. फार पैसे नाही सुटले पण नाती टिकली. 2021 मध्ये राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित माणसं, विमा वगैरे. कागदपत्रांना वेळ गेला पण मला ते मनापासून पटलं, कारण कोणीही उठून व्हॉट्सॲप ग्रुप काढतो आणि पन्नास पोरांना कड्यावर नेतो हे थांबायला हवं. मे-जूनचे काजव्यांचे ट्रेक मात्र आम्ही बंदच केले, गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाईलच्या फ्लॅशमध्ये त्या बिचाऱ्या काजव्यांचं काय होतं ते बघवलं नाही.

मग 30 जून 2024. लोणावळ्याला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला. एकमेकांना धरून उभी असलेली माणसं, आणि चहूबाजूंनी वाढत गेलेलं पाणी. मला सारखा देवकुंडचा ओढा दिसत होता. त्या आठवड्यात आमची निम्मी बुकिंग कॅन्सल झाली आणि आम्ही सगळ्यांचे पूर्ण पैसे परत केले. हल्ली पावसाळ्यात बऱ्याच धबधब्यांना जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघतात, खारघरचं पांडवकडा तर वन खात्याने कितीतरी वर्षं बंद ठेवलंय तरी लोक चोरवाटेने जातातच. बंदी असेल तिथे आम्ही जात नाही, "मागच्या वाटेने न्या ना" असे फोन रोज येतात, उत्तर एकच.

म्हणून भर पावसात आता आम्ही कोंडाणे लेण्यांना जास्त जातो. कर्जतहून कोंडिवड्यापर्यंत गाडी, मग झाडीतून तास-सव्वा तासाची चढण, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध लेण्यांच्या तोंडावरून पाण्याचा पडदा पडतो. आत बसून बाहेर कोसळणारा पाऊस ऐकायचा, लाकडी कामाची नक्कल दगडात कोरलेली ती चैत्याची कमान बघायची. माझ्या सासूबाई एकोणसत्तराव्या वर्षी तिथे येऊन गेल्या आणि खाली उतरल्यावर मावशींच्या ओसरीवर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा असं पोटभर जेवल्या.

मामा आता थकलेत, देवकुंडच्या बाजूला त्यांची मुलगी वाट दाखवते, तिचा फर्स्ट एडचा कोर्स आम्ही मागच्या वर्षी करून दिला. गेल्या महिन्यात तिच्याबरोबर आम्ही जवळच्याच एका छोट्या धबधब्याला निघालो होतो, तिने पहिल्या ओढ्याला काठी रोवली आणि आम्ही चहा घेईपर्यंत ती चार बोटं बुडाली. सव्वानऊ वाजले होते, पूर्ण बॅच घेऊन मागे फिरलो.

सप्टेंबरच्या चारही रविवारी कोंडाणे आहे, दर बॅचला सोळाच जागा. जीन्स घालून येऊ नका, भिजली की पाय उचलत नाही. चांगल्या ग्रिपचे बूट, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि घरच्यांना सांगून या की यायला रात्र होऊ शकते.